काढण्यात आलेली जाळी

खोक्यांच्या कारखान्यात आम्ही तिला व्याकरणबाई म्हणायचो, आणि म्हणताना हसायचो. पुठ्ठा कापायच्या यंत्रावर सोळा वर्षं काढलेली बाई. जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर आणि सराव प्रश्नांचं पुस्तक समोर उघडं. कारखान्यात मधूनमधून कारकुनाची जागा निघायची. त्या जागेच्या लेखी परीक्षेत ती दोनदा आपटली होती, दोन्ही वेळा वाक्यांच्या प्रश्नांत. 'शुद्ध वाक्य ओळखा' म्हटलं की चारही वाक्यं तिला शुद्धच वाटायची.

तिच्या शेजारी एक निवृत्त मुद्रितशोधक राहायचे. छापायच्या मजकुरातल्या चुका काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. कामावर येण्याआधी तासभर ती त्यांच्याकडे बसू लागली. ते म्हणायचे, आधी क्रियापद धर आणि त्याला विचार, कोणी? उत्तर मिळालं नाही तर समज, कोणीतरी लपलंय. शब्दांच्या बाबतीतही ते असेच चिवट. 'चूक' आणि 'हयगय' एकच, असं ती एकदा म्हणाली, तर त्यांनी पुस्तकच मिटलं. या दोन शब्दांत एखाद्याची नोकरी जाण्याइतकं अंतर आहे, असं त्यांचं म्हणणं. सहा महिन्यांत तिचे चाळीसपैकी छत्तीस प्रश्न बरोबर यायला लागले.

परीक्षेला तीन आठवडे असताना तिच्या धाकट्या जावेची दोन बोटं गेली. जाऊ शेजारच्याच यंत्रावर होती. काम भराभर उरकावं म्हणून सुपरवायझरने पात्यापुढची लोखंडी जाळी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने काढून ठेवली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि गप्प बसलो होतो.

चौथ्या दिवशी मॅनेजरने व्याकरणबाईला साक्षीदार म्हणून सहीला बोलावलं. अहवालात दोनच वाक्यं होती. 'यंत्राची जाळी काढण्यात आली होती. कामगार महिलेच्या हयगयीमुळे अपघात झाला.' ती वाचत बसली तसा मॅनेजर वैतागला. वाचण्यासारखं काही नाही त्यात, खाली सही कर, म्हणाला.

"साहेब, जाळी काढण्यात आली होती. पण काढली कोणी?"

"ते वाचणाऱ्याला कळतंच."

"मग हयगय कोणाची तेही कळलं असतं. तिथं मात्र बरोबर विभक्ती लावून लिहिलंय."

असली वाक्यं फक्त परीक्षेत माणसाला पाडायला असतात, असं तिला तोवर वाटायचं. त्या दिवशी तिचे कान तापले. तिने पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'सुपरवायझरने जाळी काढली. काढताना मी त्यांना पाहिलं.' मग सही केली. मॅनेजरने तो कागद फाडला. तिने घरी जाऊन सगळी हकीकत सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली. आमच्या चौदा जणांपैकी नऊ जणांनी सह्या केल्या, आणि कागद कामगार कार्यालयात गेला.

तपासणीला अधिकारी आले, यंत्रांना जाळ्या बसल्या, जावेला भरपाई मिळाली. सुपरवायझरला दुसऱ्या शाखेत पाठवलं, आणि तेही बढती देऊन!

परीक्षेत तिला वाक्यांच्या प्रश्नांत चाळीसपैकी चाळीस मिळाले. तोंडी परीक्षेला समोर तोच मॅनेजर. वर्तणुकीला दहापैकी एकच गुण देऊन त्याने तिला यादीतून उडवलं. वर तिची यंत्रावरून डिंकाच्या खात्यात बदली झाली. तिथल्या वासाने डोकं भणभणतं. घरचे म्हणाले, झालं ते झालं, आता सोडून दे. तिने सोडलं नाही. एक गुण कशासाठी, ते लेखी द्या म्हणून तिने अर्ज केला. उत्तर आलं नाही, तेव्हा ती पुन्हा कामगार कार्यालयाची पायरी चढली.

ते प्रकरण अजून चालू आहे. परवा मी तिला विचारलं, राग शांत झाला का गं?

हाताला लागलेला डिंक खरवडत ती म्हणाली, "शांत कशाला व्हायचा? निकाल यायचाय अजून."