ऑस्ट्रेलियावाल्यांची गच्ची

दवाखान्यात तीस वर्षं काढली की किस्से साठतात, जुन्या केसपेपरांसारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही! म्हणून आता तुमच्या कानात ओतते.

ऐंशीच्या दशकातलं तुर्भे. मी फिजिओथेरपिस्ट, आणि माझ्याकडे लिव्हरच्या जुनाट इन्फेक्शनचे तीन पेशंट. आमचे मोठे सर म्हणायचे, "लिव्हर म्हणजे विश्रांती!" पण पडून पडून माणसं पार खचली होती. धाकट्या डॉक्टरांनी हळूच सुचवलं, हलका व्यायाम द्या. झालं! सकाळी सात वाजता, तीन मजले चढून गच्चीवर आमचा क्लास. सर नवाच्या आत यायचे नाहीत, तेवढंच बरं.

*

आजची हिपॅटायटिस बी, ती संसर्गाची कावीळ; त्या काळी रिपोर्टात लिहून यायचं, ऑस्ट्रेलिया अँटिजेन. घणसोलीचे नामदेवदादा, जन्म मिठागरात गेलेला. रिपोर्ट फडकवत आले. "बाई, मी पनवेलचे पुरं गेलू नाय. यो ऑस्ट्रेलिया मना कुठशी लागला?"

तेव्हापासून हे तिघं ऑस्ट्रेलियावाले! आजाराचं खरं नाव कळलं तर लोक त्यांच्या घरचं पाणी पीत नसत, म्हणून त्यांनाही ते सोयीचंच होतं.

*

वजनं आणायला पैसे नव्हते. दादांनी किलो-किलो मिठाच्या पिशव्या शिवून आणल्या. जुलैत बघते तर सगळ्यांचे हात सटासट वर! मी खूश, सगळ्यांना शाबासकी दिली. मग पिशव्या बघितल्या, निम्म्या रिकाम्या, आणि खाली फरशीवर ही ओल!

"बाई, पावसान मीठ इरघलताच," दादा शांतपणे म्हणाले. "मना वाटला, तुमाना ठाव हाय!"

*

वाशीचा जोगळेकर बँकेत होता. आई त्याला पाय जमिनीला लावू देत नसे. 'सुई टोचून घ्यायला जातो' अशी थाप मारून तो क्लासला यायचा. एक दिवस आई माझ्यावरच चालून आली.

"अहो सुईवाल्या बाई! काय टोचलंत त्याला? दुपारी गोधडी आपोआप वरखाली होते! अंगारा लावला तरी थांबत नाही!"

"किती वेळा होते?"

"दहा वेळा. मग थांबते. परत दहा!"

शहाणं बाळ! सांगितलं होतं अगदी तस्सं, गोधडीखाली दहा-दहा वेळा पाय उचलत होतं.

*

कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टमधल्या शिंद्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितलं. आठवड्यानं विचारलं, "काल किती झालं?"

"बावीस किलोमीटर."

"अर्ध्या तासात?"

"मग! ट्रकचं मीटर खोटं बोलतंय व्हय?"

*

एक दिवस सर सातलाच हजर! "बंद करा हा तमाशा! जिन्यात कुणाला काही झालं तर?"

क्लास गेला की तिघं परत खाटेवर, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी हात जोडले. "सर, एकदा बघा तरी."

"ठीक आहे. मी स्वतः बरोबर चढतो. एकाला जरी धाप लागली, तर आजपासून गच्चीला कुलूप!"

निघाली वरात. पहिल्या मजल्यावर सरांनी तिघांची नाडी बघितली. दुसऱ्यावर कठडा धरला. आम्ही गच्चीवर पोचून हात फिरवायला लागलो, तरी सर येईनात. मी खाली डोकावले. सर पायरीवर बसून घाम पुसत होते! मग कठडा धरून उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी जीव मुठीत धरून वर गेले. कुलूप नव्हतं. मागच्या रांगेत सर उभे, पायात कोरे कॅनव्हासचे बूट!

नामदेवदादा त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि आवाज अगदी बारीक केला.

"सायब, तुमाना पन? भिऊ नका. घरी कोनाला नाय सांगनार आमी."