डॉक्टर आणि धाकटा पंप

माझे मामा पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होते. पंपावर नुसता तळहात ठेवून तो कितपत तापलाय ते सांगायचे, म्हणून खात्यात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. मामी मात्र काहीच म्हणत नसे; तिचा सगळा संसार एका "अहो"मध्ये झाला.

मामांच्या पंपघरात दोन पंप होते. थोरला खात्याने मोठ्या थाटात आणलेला. तो इतका दांडगा निघाला की मोकळा सोडला तर जुनी पाइपलाइनच फुटायची. खात्याने तोड काढली: पंप पूर्ण जोरात चालवायचा आणि पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवायचा. म्हणजे एका पायाने गाडी पळवायची आणि दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. अठरा वर्षं हेच चाललं. त्याच्या आधीचा, पण आकाराने लहान म्हणून धाकटा, कोपऱ्यात धूळ खात पडला होता. टाकी भरायला त्याला दुप्पट वेळ लागे, पण वीज एकूण एक तृतीयांशाने कमी लागे आणि हाताला तो जेमतेम कोमट लागे. मामांनी हे तीनदा लेखी कळवलं. तिन्ही पत्रांची पोच मिळाली.

मग हवामान बिघडत चालल्याची बातमी खात्यापर्यंत पोहोचली आणि मुख्यालयात ऊर्जाबचत कक्ष उघडला. कक्षात आधी दोन एसी बसले. मग बऱ्याच बैठका होऊन प्रत्येक पंपघरात एक फलक लागला: वीज वाचवा, पृथ्वी वाचवा. मामांच्या इथे तो नेमका त्या अर्ध्या बंद व्हॉल्व्हच्या वर आला. मामांचं डोकं फिरलं. त्यांनी धाकट्याची बेअरिंगं बदलली, तेलपाणी केलं, थोरला बंद केला आणि धाकटा चालू केला. सकाळी नऊला सुरू केला की दुपारी तीनला टाकी भरे. गावात कुणाच्याही नळाला फरक कळला नाही.

धास्ती एकच होती. धाकटा भंगाराच्या यादीत होता. कळलं तर उचलून नेणार.

"गप्प बसा म्हणजे झालं," मामी म्हणाली.

"मी कुठे बोलतोय?"

"तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणून सांगतेय."

वर्षभराने मामांच्या पंपघराची वीज घटल्याचं कक्षाच्या लक्षात आलं. कक्षाने श्रेय फलकाला दिलं आणि मोठे साहेब स्वतः बक्षिसाची ढाल घेऊन आले. फोटो काढताना सहज म्हणाले, "काय डॉक्टर, फलक रोज वाचता वाटतं?"

"साहेब, मोटरला वाचता येत नाही," मामा म्हणाले, आणि त्यांना धाकट्यापाशी नेऊन सगळं सांगून बसले. साहेबांनी शांतपणे ऐकलं, दोन प्रश्नही अगदी नेमके विचारले. मला अजून राग येतो तो याचाच, की त्या माणसाला सगळं कळलं होतं.

आठवड्याभरात नोटीस आली: मंजुरी न घेता कमी वीज वापरल्याबद्दल खुलासा करावा. धाकटा मात्र भंगारात गेला नाही. ढाल मिळवून देणारा पंप म्हणून त्याला रंग दिला आणि ट्रकमध्ये घालून मुख्यालयात नेलं. इकडे थोरला पुन्हा गरजू लागला, विजेचा आकडा होता तिथे गेला, आणि कक्षाने निष्कर्ष काढला की फलकाचा रंग उडालाय. नवा, मोठा फलक आला. तो भिंतीला ठोकायचं काम मामांनाच दिलं.

निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायला मामा मुख्यालयात गेले तेव्हा मी सोबत होतो. दालनात शिरताच, भर दुपारी, चार झगझगीत दिव्यांखाली धाकटा उभा दिसला. गळ्यात पाटी: ऊर्जाबचतीचं प्रतीक. मामा थबकले. सवयीने त्यांनी त्याच्या पाठीवर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"वर्षभर राबवला याला," ते हळूच म्हणाले, "पण इतका कधी तापला नव्हता."

मग त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि भिंतीवर दिव्यांचं बटण शोधायला लागले.