तारीख न घातलेला शर्ट

न्यू ऑर्लिन्सच्या सातव्या वॉर्डात कुणी गेलं, की पहिला फोन पाद्र्याला जातो आणि दुसरा व्हर्डेल पिकूला. पाद्री एक वेळ उशिरा आला तरी चालतो, व्हर्डेलवाचून मैत हलत नाही. गेलेल्या माणसाचा फोटो छापलेले टी-शर्ट घालूनच इथली माणसं दफनभूमीत जातात. फोटोमागे ढग, कोपऱ्यात कबुतरं आणि खाली दोन ओळी. ‘सूर्योदय’ म्हणजे जन्मतारीख. ‘सूर्यास्त’ म्हणजे दुसरी.

हा धंदा व्हर्डेलने मागून घेतला नव्हता. तो आपला शाळांच्या संघांचे शर्ट छापत होता. मग त्याच्या बहिणीचा, अर्लीनचा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर गोळी लागून गेला. गोळी कुणी घातली ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, पोलिसांना तेवढं सापडलं नाही. दुसरं काही सुचेना म्हणून मामाने भाच्याचा शर्ट छापला. पुढच्या आठवड्यात एक अनोळखी बाई हातात आपल्या मुलाचा फोटो घेऊन दारात उभी राहिली, आणि तेव्हापासून माणसांची रीघ काही थांबली नाही. अर्लीनही मग गल्ल्यावर येऊन बसली.

या कामाने व्हर्डेलची नजर बिघडवली. लग्नात नवरदेव हसला की याच्या मनात यायचं, हा फोटो चांगला निघेल. मग स्वतःचीच लाज वाटून तो उठून बाहेर जाऊन उभा राही. स्वतः मात्र तो असला शर्ट कधीच घालत नसे. छापणाराच घालायला लागला तर रोज एक बदलावा लागेल, असं म्हणायचा. लोक हसायचे.

तीन गल्ल्या पलीकडे रोझलिंड टर्व्हलॉन राहायची. शाळेत दोघं एका वर्गात होते, चर्चमध्ये मागेपुढे बसायचे. तिचा मुलगा केंड्रेल औषधं घरपोच करायची गाडी चालवायचा. नदीपलीकडच्या एका उपनगरात एका गोऱ्या पोलिसाने त्याला अडवलं, कारण गाडीचा मागचा दिवा गेला होता. कागद दाखव म्हणाला. पोरगा कागद काढायला वाकला आणि पोलिसाने गोळ्या झाडल्या. समोरच्या ओसरीवरून कुणीतरी सगळं फोनवर टिपलं. दिवस मावळायच्या आत शहराने ते पाहिलं, आणि संध्याकाळी मोर्चा निघून नदीवरच्या पुलावर मुंगी शिरायला जागा उरली नाही. काळे होते, गोरेही होते. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं जो तो म्हणत होता. यात म्हातारी अजून मेली नव्हती, ती इस्पितळात होती, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. फोनवर जो तो लिहीत होता की केंड्रेल गेला.

व्हर्डेलकडे केंड्रेलचा फोटो होता. गेल्या ईस्टरला पोरगा चुलतभावाचा शर्ट न्यायला आला होता, तेव्हा व्हर्डेलनेच तो दुकानाच्या दारात काढला होता. मागे असंच एक प्रकरण झालं तेव्हा याचे शर्ट तयार होईपर्यंत बाजारातल्या बड्या दुकानाने सगळी गर्दी पळवली होती. ते त्याच्या मनात सलत होतं. त्याने ढग घातले, कबुतरं घातली, सूर्योदय घातला. सूर्यास्तापुढे जागा सोडली आणि दोन खोकी भरतील एवढे शर्ट काढले. तारीख काय, गरम प्रेसखाली मागून घालता येते.

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,” अर्लीन म्हणाली. “पोराचा श्वास चालू आहे अजून.”

“सगळे म्हणतायत गेला म्हणून.”

“सगळ्यांना कुठे प्रेस चालवायचाय. तुला चालवायचाय.”

व्हर्डेल तिच्यावर खेकसला. तिचं बरोबर होतं म्हणूनच खेकसला.

दुसऱ्या दिवशी रोझलिंड दुकानात आली. इस्पितळातून थेट आली होती, अंगावर कालचेच कपडे. “व्हर्डेल, घरच्यांपुरते शर्ट दे,” ती म्हणाली. “लिही, केंड्रेल श्वास घेतोय, प्रार्थना करा. लोकांना कुणीतरी सांगायला हवं.” बोलता बोलता तिची नजर त्याच्या मागे गेली. वाळत घातलेला शर्ट दोरीवर होता.

तिने तो नीट वाचला. रडली नाही की ओरडली नाही.

“तारीख राहिलीय,” ती म्हणाली.

“रोझलिंड, मला सगळे म्हणाले...”

“मला विचारलंस? तीन गल्ल्या तर आहेत. इस्पितळात त्याचा हात पलंगाला बेडी घालून ठेवलाय. दाराशी पोलीस बसलाय. पळून जाईल म्हणे. शुद्ध नाही पोराला, आणि पळून जाईल म्हणे. तुम्ही सगळे तर त्याला पोचवूनसुद्धा आलात. तो उठेल असं एकट्या पोलिसांनाच वाटतंय बघ.”

ती शर्ट न घेताच गेली. व्हर्डेलने मागाहून तिचे शर्ट छापले, पैसे न घेता अर्लीनबरोबर पाठवले. ते दाराबाहेरूनच परत आले.

मग एका रविवारी चर्चमध्ये पाद्र्याने सांगितलं, केंड्रेलने डोळे उघडले, बेडी काढली. माणसं उभी राहून गायला लागली, बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. व्हर्डेलचाही पडला, पण पडता पडता त्या दोन खोक्यांना अडखळून पडला. टाळ्या वाजवत असताना त्याच्या मनात आलं होतं, आता त्या मालाचं काय करायचं. क्षणभरच आलं, पण आलं. त्या क्षणाला त्याने पुढे कधी माफ केलं नाही.

एकटा तोच कशाला, अख्खं शहर तसंच निघालं. पोरगा जगला म्हटल्यावर पूल रिकामा झाला. मोर्चाचे एक पुढारी व्हर्डेलला म्हणाले, “जिवंत माणसाच्या नावाने गर्दी टिकत नाही, काय करणार.” व्हर्डेलला त्यांचा राग आला आणि मग आठवलं, की आपण काय वेगळं केलं.

खोकी त्याने माळ्यावर टाकली. चिंध्या करायची सोय नव्हती. आमच्याकडे शर्टावरचा चेहरा फाडत नाहीत. मेलेल्याचा फाडत नाहीत, मग जित्याचा कसा फाडायचा?

वर्ष उलटून गेल्यावर एका सोमवारी केंड्रेल दुकानात आला. मागच्या खोलीत अर्लीनचा राजमा शिजत होता. पोराचा एक पाय ओढत होता, हातात काठी.

“मिस्टर व्हर्डेल, माझा शर्ट बघायला आलो.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हर्डेलला झालं. “आईने सांगितलं?”

“आई तुमचं नावसुद्धा काढत नाही. मिस अर्लीन बोलल्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

अर्लीन लगबगीने राजमा ढवळायला गेली. व्हर्डेलने खोकं उतरवलं. केंड्रेलने एक शर्ट उलगडून छातीला लावला.

“फोटो झकास आहे. जरा गोरा केलात मला.”

“प्रेसखाली रंग उतरतो थोडा.” व्हर्डेलने खोकं बाजूला सरकवलं. “बाळा, मी फार वाईट केलं.”

“केलंत.” पोराने ते तेवढ्यावरच सोडलं. “मी मेलो होतो तेव्हा पूल भरला होता म्हणे. त्या पोलिसाच्या खटल्याची मागची तारीख होती, तर कोर्टात मी, आई आणि वकील. तुम्ही पण नव्हतात.”

“दुकान होतं.”

“हो, कुणाची तरी मैत असणार.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच व्हर्डेलला जास्त लागलं. “माझ्या मैतीला येणारी माणसं मला जिवंतपणी पाहिजेत. खोकी द्या. घरोघर वाटतो. माझ्यासाठी छापलेत, मग मीच वाटणार.”

“त्या जागी कोर्टाची तारीख घालू?”

“काही घालू नका. ती जागा रिकामी आहे, तेच लोकांना दिसू दे.”

तारखेच्या दिवशी व्हर्डेलने दुकान बंद ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः छापलेला शर्ट अंगात घातला. पूल भरेल एवढी माणसं आली नव्हती, पण कोर्टाच्या पायऱ्यांवर तोच चेहरा बऱ्याच छात्यांवर होता. अर्लीन आपल्या मुलाचा शर्ट घालून आली होती. धुऊन धुऊन त्याच्यावरचं हसू तेवढं शिल्लक होतं.

दारावरच्या म्हाताऱ्या शिपायाने व्हर्डेलच्या छातीकडे पाहून टोपी काढली. “तुमच्या दुःखात सहभागी आहे, दादा. पण आत फोटो चालत नाही, न्यायाधीशबाईंचा हुकूम आहे. शर्ट उलटा करून घाला.”

“मीसुद्धा सहभागी आहे,” व्हर्डेलच्या मागून काठी टेकत केंड्रेल म्हणाला. शिपायाने एकदा शर्टाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि टोपी हातातच धरून राहिला.

व्हर्डेलने संडासात जाऊन शर्ट उलटा घातला. शाईचा गुळगुळीत चौकोन उघड्या छातीला चिकटला. इतकी वर्षं लोकांच्या अंगावर चेहरे चढवले, पण ते असे अंगाला धरून बसतात हे त्याला ठाऊक नव्हतं. श्वास घेतला की तो चेहरा ताणला जात होता.

आत पुढच्याच बाकावर रोझलिंड होती. ती त्याच्या शर्टाच्या बाहेर आलेल्या शिवणीकडे पाहत राहिली. दुकानातल्या त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

“तोच का?”

“तोच.”

“तारीख?”

“नाही घातली.”

तिने बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. व्हर्डेल अंग चोरून, वाकून तिच्या शेजारी बसला.

“ताठ बस,” समोर बघतच ती म्हणाली. “चुरगळेल तो.”