बकरीला चालते, उखळाला नाही

चित्रकार उत्तम आडे मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी हिंगोलीतल्या राहत्या घरी वारले. पत्नी कमल यांचा जेवणाचा डबा त्यांनी भरून ठेवला होता. कमलवहिनी कळमनुरीला एका कार्यालयात लिपिक आहेत आणि रोज एसटीने जातात. त्या पायऱ्यांवर चप्पल घालत असताना आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. शाळेच्या दाखल्याप्रमाणे उत्तमरावांचे वय अठ्ठावन्न होते. ते वाढले त्या बंजारा तांड्यावरचे लोक दोन वर्षे जास्त धरतात, कारण जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने लिहिली होती. मला फोन आला तेव्हा मी मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या आवकेची बातमी घेत होतो. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, या."

उत्तमराव सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर वाढले. सुरुवातीला त्यांनी हिंगोलीतल्या अडत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग आमच्या रविवार पुरवणीसाठी कथाचित्रे काढली आणि नंतरची वीसेक वर्षे मुलांच्या पुस्तकांसाठी काम केले. मी पुरवणीत मजकूर लावायचो. मी कधीच संपादक नव्हतो, तरी ते मला शेवटपर्यंत 'संपादक' म्हणत. त्यांच्या घरी स्वयंपाक त्यांच्याकडे होता. वहिनींची बस सकाळी लवकर असे, त्यामुळे लग्नानंतर पहिल्याच वर्षी ते ठरून गेले. चित्रे काढायला घरात वेगळी खोली नव्हती आणि त्यांना ती नकोही होती. ओट्याच्या डाव्या टोकाला शेगडी, उजव्या टोकाला कागद, आणि मध्ये मसाल्याचा डबा व शाईच्या बाटल्या शेजारी शेजारी. ते उभ्यानेच काम करत. उभे राहून काहून काढता, असे मी एकदा विचारले होते. "तव्यावर भाकर असली की माणूस एका रेघेवर फार वेळ घालवत न्हाई," ते म्हणाले, "बसलो की रेघ गोंजारत बसतो आपण." हे विनोदाने सांगितले की खरे, याची मला खात्री करून घेता आली नाही. त्यांच्या जुन्या चित्रांच्या कडांना पिठाचे पांढरे पट्टे आहेत, हे मात्र मी पाहिले आहे.

उन्हाळ्यात गच्चीवर एकाच जुन्या साडीवर एका बाजूला कुरडया आणि दुसऱ्या बाजूला ओली चित्रे वाळत असत. चित्र काढण्याआधी ती जागा हाताने करून बघायची, ही त्यांची सवय होती. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा, काड्यापेट्या, चिंध्या आणि ज्वारीची धाटे यांतून त्यांनी आपला आख्खा तांडा केला होता. घरांच्या दोन ओळी, मधले लिंबाचे झाड, सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा, कडेला शेळ्यांचा कोंडवाडा... हा तांडा ते पोळपाटावर ठेवत आणि पोळपाट फिरवून कुठल्या वेळी कोणत्या भिंतीची सावली कुठे पडते ते खिडकीच्या उन्हात बघत. पोळ्या करायच्या दिवशी तांडा उचलून पिठाच्या डब्यावर जाई. "आमचं गाव रोज स्थलांतर करतं," असे वहिनी पाहुण्यांना सांगायच्या.

चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की जिवाला धोका नाही, पण पूर्ण बरे होण्याची हमीही नाही. गोळ्या दिल्या, त्यांनी झोप यायची, म्हणून उत्तमरावांनी त्या बंद केल्या. पुढचा शोध त्यांना गेल्या हिवाळ्यात ओट्यावरच लागला. चहाचा चमचा हातात धरला की तो कपावर वाजे, पण लोखंडी पळीने वरण वाढताना थेंब सांडत नसे. त्यांनी आधी कलथा धरून पाहिला, मग खलबत्त्याचा दांडा, मग लाटणे. जितकी वस्तू जड तितका हात शांत. मग त्यांनी आईच्या जुन्या फेटियाचा, म्हणजे तांड्यावरच्या बायकांच्या आरसे लावलेल्या घागऱ्याचा, एक तुकडा कापला, त्याला दोन खिसे शिवले आणि त्यांत वाण्याकडची दोनशे ग्रॅमची जुनी वजने घालून तो पट्टा मनगटाला बांधला. रेघ सरळ आली. वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. आता चित्रं न्हाई खपली तर बाजारात भाजी घेऊन बसता येईल. वजनं तर हायेतच तुमच्यापाशी."

याच काळात पुण्याच्या एका प्रकाशकांकडून त्यांना एक पुस्तक आले. पहिलीच्या मुलांसाठी, एका तांड्यावरचा एक दिवस, मजकूर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, आणि मराठी अशा दोन्हींत. उत्तमरावांनी तोवर परदेशातल्या गोष्टींचीही चित्रे काढली होती. बर्फ, अस्वले, घड्याळाचे मनोरे. स्वतःच्या बोलीतले पुस्तक त्यांच्याकडे पहिल्यांदाच आले होते. पट्टा शिवण्याआधी काढलेली पहिली पाने पाठवल्यावर प्रकाशकांकडून फोन आला. काही रेघा हलल्या आहेत, तब्येत बरी आहे ना, असे विचारून त्यांनी सुचवले की उत्तमरावांनी फक्त पेन्सिलीचे आराखडे द्यावेत, शाईचे काम पुण्यातला एक मुलगा संगणकावर करेल. पुस्तकावर नाव उत्तमरावांचेच राहील. मी तेव्हा ओट्याशेजारच्या स्टुलावर होतो. उत्तमरावांनी कढईखालचा गॅस बारीक केला. "त्या पोरानं तांडा पाहिलाय का?" त्यांनी फोनवर विचारले. उत्तर मला ऐकू आले नाही. "मग पंधरा दिवस थांबा. न्हाई जमलं तर मी सांगतो... मीच सांगतो." फोन ठेवून ते मला म्हणाले, "ह्या एका पुस्तकात दुसऱ्याचा हात नको, संपादक. बाकी कशातबी चालला असता."

त्या पंधरा दिवसांत मी तीनदा तिथे गेलो. सगळी चित्रे ते पट्टा बांधून नव्याने काढतील, असा माझा समज होता. तसे झाले नाही. प्रत्येक पानावर ते काही वस्तू पट्टा बांधून काढत होते आणि काही पट्टा सोडून, उघड्या हाताने. मी नियम विचारला. "थरथर कशाला चालते ते बघायचं," ते म्हणाले. "बकरीला चालते. धुराला, पाण्याला चालते. म्हाताऱ्याला चालते. म्हातारीला विचारून."

"आणि कशाला चालत नाही?"

"उखळाला न्हाई चालत. उखळ हललं म्हंजे घर हललं. भिंतीला न्हाई, हंड्याला न्हाई."

भिंतीशेजारी बकरी असेल तर एकाच पानावर पट्टा चार-पाचदा बांधावा-सोडावा लागे. नाडी दातांत धरून ते गाठ मारत. तांड्याच्या फाट्यावर एसटी थांबते, असे एक पान होते. बस धातूची, म्हणून त्यांनी ती पट्टा बांधून काढली. वहिनी ऑफिसातून आल्या, पर्स न ठेवताच चित्रावर वाकल्या.

"ही कुठली बस म्हणावी?"

"कुठली म्हंजे? आपली. सेनगावची."

"मी रोज एसटीत बसते की. कवापासून थरथरत न्हाई ती?"

उत्तमरावांनी ते पान बाजूला ठेवले, पट्टा सोडला आणि बस परत काढली. ती आता पुस्तकातल्या सर्वांत हलत्या रेघांची वस्तू आहे. खिडक्यांच्या काचा वाजत असाव्यात असे वाटते.

अडचण शेवटून दुसऱ्या पानाची होती. संध्याकाळी गोष्टीतल्या मुलीची याडी, म्हणजे आई, चुलीपुढे बसून काठवटीत भाकरी थापते आहे, असे ते चित्र. ही याडी म्हणजे त्यांची स्वतःची आई, हे त्यांनी मला सांगितले नाही. वहिनींनी सांगितले. आईला जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. तिचा घरात एकच फोटो आहे, त्यात हात पदराखाली आहेत. भाकरी थापायला उत्तमराव तिच्याकडूनच शिकले. घरात बहीण नव्हती आणि आई शेतातून उशिरा यायची. त्यांनी पट्टा बांधून तो हात काढला. रेघ स्वच्छ आली. कागद लांब धरून त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "ही तर पाटीवरची देवी झाली." मग पट्टा सोडून काढला. "आता आजारी दिसून राहिली." बोटे पट्ट्याने आणि मनगट उघड्या हाताने, तेही करून झाले. वहिनींना काठवट घेऊन समोर बसवले. वहिनींची भाकरी कडेला चिरली. "मी सांगूनच बसले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या याडीचा हात मला कुठून येणार? मी दप्तरातली बाई. शिक्का मारायला सांगा, बराबर मारते."

यावर उत्तमराव हसले नाहीत. त्यांनी वहिनींच्या पुढ्यातली काठवट ओढून घेतली, चिरलेला गोळा मोडून पुन्हा मळला आणि स्वतः थापायला बसले. त्यांची भाकरी गोल होत गेली. हात उचलला तेव्हा ओल्या पिठावर बोटांच्या खुणा होत्या. ते त्या खुणांकडे बघत राहिले. वहिनींनी विचारले, तवा तापलाय, टाकायची न्हाई का?  त्यांनी उठून हात धुतले, एका ताटलीत शाईचा पातळ थर पसरला आणि आधी आमच्याच पुरवणीच्या एका जुन्या पानावर चार बोटे टेकवून पाहिली. टेकवलेला हात थरथरत नाही. मग नव्या कागदावर याडी काढली, तिचा हात भाकरीवरून उचलून मुलीच्या डोक्याकडे नेलेला, धुराआड गेलेला. काठवट पट्टा बांधून काढली. भाकरीच्या वर्तुळात चार बोटे ठेवली आणि दाबली.

"हात न्हाई जमत," ते म्हणाले, "तर हाताचं निशाण राहू द्या."

वहिनी म्हणाल्या, "ते शाईचे हात आता पिठाला लावू नका. डबा मलाच खायचाय."

चित्रांचे पाकीट दोन दिवसांनी कुरिअरने गेले. मिळाल्याचा फोन आला, चित्रे आवडली असे प्रकाशकांनी कळवले आणि पुण्यातल्या मुलाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी उत्तमराव वारले.

तेराव्यानंतर काही दिवसांनी पुण्याहून एक पार्सल आले. त्यात पुस्तकाचे छापील प्रूफ आणि सगळी मूळ चित्रे होती. वहिनींनी मला बोलावून घेतले. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, प्रूफ उघडे होते.

"भाऊजी, भाकर कोरी हाय."

मी पाहिले. याडी होती, धूर होता, काठवट होती. भाकरी पांढरी स्वच्छ होती. आम्ही मूळ चित्र काढून शेजारी ठेवले. त्यावर ठसे होते. वहिनींनी प्रकाशकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मांडणी करणारी एक तरुण मुलगी बोलत होती.

"मॅडम, ते डाग होते ना? इतर पानांच्या कडेलाही पीठ की काय होतं. आम्ही सगळं साफ केलं."

"पीठ काढलं ते बरं केलं," वहिनी म्हणाल्या. "पण भाकरीवरचे डाग न्हाईत ते. बोटं हायेत."

"बोटं...? कोणाची?"

"त्यांची."

 मग ती मुलगी म्हणाली की तिला हे माहीत नव्हते, फार वाईट वाटले. संगणकावर साफ केलेलेच पान राहिले होते, आधीचे नव्हते. मूळ चित्र परत पाठवा, पुन्हा स्कॅन करून घेते, पण शुक्रवारी पुस्तक छापायला जाणार आहे. वहिनींनी चित्राकडे पाहिले. "पाठवणार न्हाई," त्या म्हणाल्या. "वाटंत गेलं तर मी कोणाला विचारू? हितंच करून देते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मोठा स्कॅनर असलेले दुकान शहरात एकाच ठिकाणी आहे, असे मला कळले होते. तिथे लग्नाचे फलक आणि दुकानांच्या पाट्या छापतात. वहिनींनी चित्र दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, वरून टॉवेल गुंडाळून आणले होते. ऑटोत ते त्यांनी मांडीवर आडवे धरले. दुकानदाराने काचेवर चित्र ठेवले, पडद्यावर मोठे करून पाहिले आणि आपुलकीने विचारले, "काकू, ये बीच में थोडे दाग हैं. निकाल दूँ? एक मिनिट का काम है."

"हात नका लावू," वहिनी म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिले.  वहिनी काउंटरच्या आत गेल्या आणि पडद्याजवळ उभ्या राहिल्या. पडद्यावर एकेक ठसा पेरूएवढा दिसत होता. बोटांवरच्या बारीक रेषा, तर्जनीवर विळीने कापल्याची जुनी आडवी खूण. त्यांनी पडद्याला हात लावला नाही. फाईल पुण्याला पोचल्याचा निरोप येईपर्यंत त्या तिथेच होत्या. मग चित्र टॉवेलमध्ये गुंडाळले आणि कळमनुरीच्या बसला उशीर होतो म्हणून मला घरी नेऊन ठेवायला दिले.

पुस्तक अजून बाजारात आलेले नाही. दुसरे प्रूफ गेल्या बुधवारी आले. शेवटून दुसऱ्या पानावर भाकरी आहे आणि तिच्यावर चार बोटांचे ठसे आहेत. करंगळीचा ठसा इतर तिन्हींपेक्षा फिकट आहे. मूळ चित्रातही तो तसाच आहे.