आतून न उघडणारं कुलूप

चावीकाकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फट. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, आणि तो दुसरा अंगाने भरलेला असला तर थेट रस्त्यावर. भिंतीभर कोऱ्या किल्ल्या, मध्ये काका, नाकावर घसरलेला चष्मा, हातात कानस. किल्लीचा दात घासायचा, फुंकर मारायची, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायचे, "एवढी घाई असेल तर दार उघडंच ठेवा."

माणूस सोन्यासारखा, पण भारी कटकट्या. घराला कुलूप लावून जिना उतरायचा आणि परत वर येऊन ते ओढून बघायचं. काकूंनी गॅस बंद केला, तरी काकांचा हात लागल्याशिवाय तो बंद झाला असं धरायचं नाही. प्रार्थनेतही तीच तऱ्हा. चर्चमध्ये बाकीचे दोन वाक्यांत आटपायचे, तर काका देवाला सगळं काम समजावून सांगायचे. मुलाला नोकरी दे, पण घराजवळ दे. गुडघे बरे कर, डावा आधी. काकू शेजारून पुटपुटायच्या, "अहो, त्याला कळतं." काका म्हणायचे, "सांगितलेलं बरं असतं."

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा दारूच्या नादी लागला.

पोरगा हुशार होता हो. शाळेतून आला की दप्तर टाकून बापाशेजारी बसायचा. हात बापापेक्षा हलका, आणि कुलपात तार घातली की आतली पट्टी कुठे अडली आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. मोठा झाला, नोकरीला लागला, लग्न झालं. मग पिणं सुरू झालं, वाढलं, नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. शेवटी पिवळे पडलेले डोळे घेऊन तो आईबापाच्या दारात येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "लिव्हर पार खराब झालंय. आता प्यायला, तर वाचणार नाही."

झालं, काकांनी काम हाती घेतलं. मागच्या खोलीच्या दारात कुलूप बसवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. पोराने छत्रीच्या काडीने ते दुपारच्या दुपारी उघडलं आणि झिंगून परत आला. काकांनी त्याहून भारी आणलं. तेही उघडलं, शिवाय जाताना त्यात तेल घालून गेला, कारण म्हणे ते खरखरत होतं. काका संतापले, थयथय नाचले. पण आतून त्यांना पोराच्या हाताचं कौतुकही वाटलं, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

मग त्यांनी स्वतः एक कुलूप घडवलं. त्याला आतल्या बाजूने भोकच नव्हतं. किल्ली पूर्ण घालायची, केसभर मागे घ्यायची आणि मगच फिरवायची. दाराला लोखंडी पत्रा ठोकला. खिडकीला गज होतेच. पोरगा आतून शांतपणे म्हणाला, "बाबा, कोंडून माझी तहान जाणार आहे का?" काका म्हणाले, "जीव तर जाणार नाही." त्या रविवारी त्यांनी देवाचे आभारही मानले. आता सगळं ताब्यात होतं.

एका दुपारी काकूंनी खोलीतून ओकल्याचा आवाज ऐकला. पाठोपाठ काहीतरी धपकन पडलं. त्यांची हाक ऐकून काका दुकानातून धावत वर आले. किल्ली घातली, फिरवली. फिरेना. जोर लावला, तशी ती जास्तच रुतली. गावभरची दारं उघडणारा माणूस स्वतःच्या दारापुढे घामाघूम होऊन उभा. काकू दारावर मुठी आपटत होत्या. "उघडा हो, काहीतरी करा."

"बाबा," आतून क्षीण आवाज आला. "जोर लावू नका. केसभर मागे घ्या. अजून थोडी. आता फिरवा."

दार उघडलं. फरशीवर रक्त होतं आणि पोरगा दाराला कान लावून आडवा पडला होता.

तो वाचला. दवाखान्यात पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी काकांना बाकावर बसवलं आणि म्हणाले, "आता त्याला देवाच्या हाती सोडा."

"आणि देवाच्या हातून निसटला तर?"

"तुमच्या हातून नाही निसटला?"

काकांना राग आला. उठून जावंसं वाटलं, पण पोरगा आत खाटेवर होता. पाळकसाहेब मग शेजारीच बसून राहिले.

घरी आल्यावर काकांनी दाराचं कुलूप काढलं. मन शांत झालं, देवाचा आवाज ऐकू आला, असलं काही झालं नाही. त्यांना नुसती भीती वाटत होती. आता करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्रार्थनेला बसले की तोंडात सूचना यायच्या आणि ते त्या गिळायचे. "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे," एवढंच म्हणायचे, आणि तेही भीत भीत. कारण देवाच्या मनात काय आहे, ते त्यांना कोण सांगणार?

अंगात जरा ताकद आल्यावर एका सकाळी पोराने शर्ट चढवला. "बाबा, खाली जाऊन केस कापून येतो."

काकांच्या ओठांवर आलं, मीही येतो. नाहीतर न्हाव्यालाच वर बोलावतो. ते म्हणाले, "बरं."

पोरगा जिना उतरला. काका खिडकीशी गेले. तो भिंतीच्या कडेने, थांबत थांबत चालला होता. कोपऱ्यावरून डावीकडे न्हावी आणि उजवीकडे दारूचं दुकान. कोपरा चार पावलांवर राहिला तेव्हा काकांनी खिडकीकडे पाठ केली. सोपं गेलं नाही. पडदा मुठीत घट्ट धरून ते उभे राहिले.

काकू पदराला हात पुसत आल्या. "कुठे वळला?"

"पाहिलं नाही."

काकू धावत खिडकीशी गेल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, मग आता काय करायचं?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.