उन्हाला दिलेली गादी

पौषात सकाळचं ऊन गच्चीवर तिरकं येतं. तुम्ही पोरं इकडे आलात की ज्या गादीवर झोपता, ती कामाला येणाऱ्या सुशीलाबाईंनी फरशीवर आडवी पसरली, तेव्हा मी ती कठड्याला कलती टेकवायला लावली. “तिरकं ऊन पसरून पातळ होतं. गादीचं तोंड त्याच्याकडे हवं.”

“बाई, पण यंदा पोरं येणार नाहीत ना?” त्या म्हणाल्या. “मग ढेकणांसाठी चाललंय का हे सगळं?”

मी हसले.

पृथ्वीचंही असंच आहे, बाळांनो. ती कललेली आहे, म्हणून सध्या तुमचं मेलबर्न सूर्याकडे झुकलंय आणि आमची बाजू त्याच्यापासून दूर कलली आहे. खरं तर याच दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तरी मला इथे शाल लागते. थंडी अंतरामुळे पडत नाही, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. तुमच्या बाबतीत मात्र ते मला पटत नाही.

दुपारी गादी खाली आणली. कापूस छान फुगला होता, उबदार झाला होता. कपाटात ठेवण्याआधी मी तिच्यावर जराशी आडवी झाले, आणि ती गार होईपर्यंत उठलेच नाही.