काकूने लपवून ठेवलेला प्लॅटर

माझी मोठी काकू बावीस वर्षं एका क्रॉकरीच्या दुकानात प्लॅटरच्या, म्हणजे वाढायच्या मोठ्या ताटांच्या, काउंटरवर उभी राहिली. गिऱ्हाईक आत आलं की चालण्यावरूनच ती ओळखायची, हे नुसतं बघायला आलंय की घ्यायला. प्लॅटर दाखवण्याआधी बोटाने वाजवायची. खणखणीत बोलला तर पुढे, बद्द वाजला तर मालकासमोरच बाजूला. मोठमोठ्या घरच्या बायका "त्यांनाच बोलवा" म्हणून अडून बसत.

घरी मात्र दोन खोल्या, घडीचं टेबल आणि स्टीलची चार ताटं. माझ्या आईकडे, म्हणजे तिच्या धाकट्या जावेकडे, आठ जणांचं लाकडी टेबल होतं. आजी येईल त्याला सांगायची, "टेबल मांडावं तर धाकटीने." ते ऐकलं की काकूच्या पोटात दुखायचं. हे मी मनचं सांगत नाही. तिनेच एकदा भाजी निवडता निवडता मला सांगितलं.

त्या वर्षी बाबांच्या ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती. आई प्लॅटर घ्यायला काकूच्या दुकानात गेली.

"ताई, मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच निवडा."

काकूने चार-पाच वाजवून दाखवले. पण आईची नजर मागच्या फळीवर, खोक्यांच्या आड गेली. तिथे गर्द निळा, लंबगोल, काठावर हाताने वेल रंगवलेला एक प्लॅटर होता. त्याचा जोडीदार वाटेतच फुटला होता. पाच वर्षं काकू त्याला खोक्यांमागे सरकवत आली होती. विकत घ्यावा तर ठेवायचा कुठे, आणि दुसऱ्याला द्यायला जीव होत नव्हता.

"तो काढा ना."

"त्याला तडा आहे," काकू जागची न हलता म्हणाली. "गरम काही वाढलंस तर भर जेवणात दोन तुकडे होतील."

मग तिने सोनेरी काठाचे, मधोमध भलेमोठे गुलाब असलेले दोन प्लॅटर पुढे केले. "हे घे. उठून दिसतील."

उठून दिसले खरे. पांढऱ्या टेबलक्लॉथवर ते असे चमकत होते की जेवणाकडे कुणाचं लक्षच जाईना. दोन पाहुण्या बायका एकमेकींकडे बघून खाली मान घालून हसल्या. काकूही जेवायला होती. तिने ते पाहिलं आणि तिला गार वाटलं. तेवढ्यात आजी म्हणाली, "कुणी आणलं गं हे भडक काहीतरी?"

"ताईंनी निवडलेत. मला आवडले," आई म्हणाली.

"थोरलीने? एवढी वर्षं दुकानात काढून हीच नजर?"

काकूने हातातला घास परत ताटात ठेवला. त्या नजरेवर तर ती आजवर ताठ मानेने जगली होती.

दुसऱ्या दिवशी तिने निळा प्लॅटर विकत घेतला, कागदात गुंडाळला आणि दुपारच्या सुट्टीत आमचं दार वाजवलं.

"तडाबिडा काही नाही याला. खोटं बोलले मी."

"माहीत आहे," आई म्हणाली. "बाकीचे सगळे वाजवलेत. याला हातही लावला नाहीत."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्हालाच हवा असेल."

हे सांगताना काकू अजून चिडते. "दोन शब्द सुनावले असते तर मी मोकळी झाले असते गं!"

आईने प्लॅटर टेबलावर ठेवून त्यात पेअरची फळं मांडली. खिडकीच्या उजेडात तो असा खुलला, की दुकानात तसा कधी दिसलाच नव्हता. काकूला ते बघवेना आणि नजरही हटेना.

"पुढच्या वेळी टेबल तुम्हीच मांडा," आई म्हणाली.

तेव्हापासून काकूच मांडते. पाहुणे वाहवा करतात, आई लगेच सांगते, "सगळं ताईंचं." मग काकू मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजते, "बघ, आता म्हणतील, किती मोठ्या मनाची आहे धाकटी!"